तपासण्यांत गंभीर काही नाही, तरीही सहा वर्षे दुखणे: मज्जासंस्थेच्या अंगाने उपचार घ्यावेत का?

मोकळाश्वास (प्रश्न):

सहा वर्षांपूर्वी जड पेटी उचलताना माझ्या कंबरेत लचक भरली. काही आठवड्यांत बरे वाटेल असे तेव्हा सांगण्यात आले होते. परंतु दुखणे गेले नाहीच, उलट ते हळूहळू मांडीत आणि पुढे मानेपर्यंत पसरले. एमआरआयमध्ये मणक्यांमधली एक चकती किंचित फुगलेली दिसते, रक्ताच्या तपासण्या ठीक आहेत, आणि शस्त्रक्रियेची गरज नाही याबाबत तिन्ही तज्ज्ञांचे एकमत आहे. गेल्या महिन्यात एका फिजिओथेरपिस्टने मला समजावले की मूळ इजा केव्हाच भरून आली असावी, आता मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झाली आहे, तेव्हा मन आणि शरीर यांचा एकत्र विचार करणारे उपचार घेऊन पाहावेत. त्यांचा हेतू चांगला होता, तरी घरी आल्यावर मला रडू आवरेना, कारण पूर्वी एका डॉक्टरांनी ‘हे सगळे मनाचे आहे’ असे म्हणून माझी बोळवण केली होती.

हा मार्ग स्वीकारला, तर माझे दुखणे खोटे होते असे मीच कबूल केल्यासारखे होईल का? आणि या मार्गाने कोणाला खरोखर बरे वाटले असेल, तर त्यांनी रोज नेमके काय केले? अलीकडे मला थकवाही फार जाणवतो, हेही सांगून ठेवते.

पाऊलवाट:

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि मी ते अकरा वर्षांच्या कंबरदुखीनंतर लिहीत आहे. वेदना मज्जासंस्थेत तयार होते, मग ती ताज्या जखमेची असो वा जुन्या लचकेची. ज्याचा पाय कापलेला असतो त्यालाही त्या नसलेल्या पायात असह्य वेदना होऊ शकतात, आणि त्या वेदनेला कोणी खोटी म्हणत नाही. सततच्या वेदनासंदेशांमुळे मज्जारज्जूतील पेशी अधिक उत्तेजित होतात आणि नंतर साध्या स्पर्शालाही तीव्र प्रतिसाद देऊ लागतात, हे वेदनासंशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे हे आहे. फक्त इथे फुंकर आपण घालत नाही, आपल्या नकळत शरीरच घालत असते.

चकतीबद्दलही थोडे लिहितो, कारण माझी भीती सर्वांत जास्त त्या अहवालालाच चिकटलेली होती. कोणतेही दुखणे नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली असल्याचा अंदाज मांडला आहे. हे आकडे वाचले त्या दिवशी माझे दुखणे कमी झाले नाही, परंतु वाकताना पाठ मोडेल ही धास्ती प्रथमच सैल झाली.

प्रत्यक्षात मी काय केले ते सांगतो. जमिनीवर पडलेला चमचा उचलायचा असला की वाकण्यापूर्वीच माझा श्वास रोखला जाई, दात घट्ट मिटत आणि पोट आवळले जाई. म्हणजे अजून काहीही दुखलेले नसताना शरीर माराची तयारी करून बसलेले असे. मी चमचा तसाच राहू दिला आणि फक्त गुडघ्यापर्यंत हात नेऊन, श्वास सोडत सोडत, दिवसातून तीनदा वाकू लागलो. दुखले तर ‘ऊब आहे, ताण आहे, डावीकडे तळहाताएवढ्या भागात आहे’ असे मनात वर्णन करायचे आणि जाणीव बदलते का ते शांतपणे पाहायचे, एवढाच अभ्यास होता. पंधरा दिवसांनी हात नडगीपर्यंत पोहोचू लागला. तिसऱ्या आठवड्यात दुखणे इतके उसळले की हे सगळे सोडून द्यावे असे वाटले. तेव्हा मी वाकण्याचे अंतर निम्मे केले, पण सराव थांबवला नाही. चमचा उचलायला चार महिने लागले आणि निर्धास्तपणे वाकायला जवळजवळ वर्ष. आजही सलग दोन रात्री झोप झाली नाही की कंबर बोलू लागते, मात्र तिचे बोलणे आता मला घाबरवत नाही.

उंबरठा:

मी वेदनाचिकित्सेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून वैद्यकीय बाजू मांडते. ऊतींची इजा किंवा नसेचा आजार यांनी ज्या वेदनेचा पुरेसा उलगडा होत नाही आणि जिच्यात वेदनेच्या प्रक्रियेतच बदल झालेला असतो, तिच्यासाठी वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये ‘नोसिप्लास्टिक वेदना’ ही स्वतंत्र संज्ञा स्वीकारली आहे. त्यामुळे तुमच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलेली गोष्ट मुख्य प्रवाहातील वैद्यकशास्त्राला धरूनच आहे, आणि ‘मनाचे आहे’ या वाक्याशी तिची गल्लत करू नये.

पुरावा किती आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पेन रिप्रोसेसिंग थेरपीची (वेदना म्हणजे धोका नव्हे हे मेंदूला नव्याने शिकवणाऱ्या मानसोपचाराची) जी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १५१ जण होते. चार आठवड्यांनंतर हा उपचार घेतलेल्या गटातील ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. प्लासिबो (औषधी घटक नसलेला उपचार) घेणाऱ्या गटात हे प्रमाण २० टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १० टक्के होते. निकाल उत्साहवर्धक आहे, परंतु ते सर्व जुनाट पाठदुखीचे, सौम्य ते मध्यम तीव्रतेच्या वेदनेचे रुग्ण होते. हाच आकडा दाखवून कोणी सांधेदाहापासून मधुमेहापर्यंत सर्व काही बरे करण्याचे आश्वासन देत असेल, तर तिथून परत फिरावे.

लघवी किंवा शौचावरील नियंत्रण जाणे, जांघेभोवती बधिरपणा येणे, पायातली शक्ती कमी होत जाणे, ताप येणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे, यांपैकी काहीही झाले तर सराव बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी.

मंदगती:

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, पण थकव्याच्या उल्लेखापाशी मी अडखळले. मला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस हा आजार आहे, म्हणजे दीर्घकाळ टिकणारा तीव्र थकवा, जो थोड्या श्रमानेही बळावतो. ‘मेंदूला नवे वळण लावा, लक्षणांकडे दुर्लक्ष करा’ असे शिकवणारा एक अभ्यासवर्ग मी केला, त्यानुसार रोज चालणे वाढवत नेले, आणि शेवटी अशी कोसळले की दात घासण्यासाठी उठून बसणेही अनेक महिने जमले नाही. या आजारात श्रमाचा परिणाम अनेकदा त्याच दिवशी दिसत नाही. तो एक-दोन दिवसांनी येतो, त्यामुळे चूक झाल्याचे कळेपर्यंत ती पुन्हा पुन्हा केलेली असते. उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मधील मार्गदर्शिकेत या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपचार देऊ नये असे म्हटले आहे, ते याच कारणासाठी. मिनिटाला सुमारे सहा या गतीने संथ श्वास घेण्याचा सराव मी आजही करते, त्याने झोप सुधारली आणि छातीतली धडधड शमली. आजार मात्र बरा झालेला नाही.

तेव्हा ताई, सराव वाढवण्यापूर्वी दोन-तीन आठवडे एवढेच टिपून ठेवा: किती श्रम केले, आणि तिसऱ्या दिवशी कसे वाटले.

मोकळाश्वास:

आपणा तिघांचेही मनापासून आभार. मंदगती ताई, तुमचे वाचून मी जुनी दैनंदिनी काढून पाहिली. माझा थकवा बहुतेक वेळा दुखण्यामुळे झोपमोड झालेल्या रात्रीनंतरच आलेला दिसतो आणि पुरेशी झोप मिळाली की उतरतो. तरीही नोंदी आजपासून नेमाने ठेवणार आहे, आणि थायरॉइडची तपासणी चार वर्षांत झालेली नाही, ती या आठवड्यात करून घेते.

पाऊलवाट दादा, तुमचा प्रतिसाद वाचल्यानंतर तासाभराने माझी लेखणी खाली पडली. ती उचलायला हात पुढे गेला, आणि माझा श्वास थांबलेला मला प्रथमच कळला. मी गुडघ्यापर्यंतच वाकले, श्वास सोडला आणि सरळ झाले. लेखणी अजून जमिनीवरच आहे.