बेसमेंटमध्ये गाडीचं अपडेट अडकलंय, हॉटस्पॉट देऊ का?

घोडबंदरकर
सोसायटीत माझी इलेक्ट्रिक गाडी दुसऱ्या बेसमेंटला लागते. स्क्रीनवर सॉफ्टवेअर अपडेटचं 'डाउनलोड सुरू' दिसतं, पण पुढे सरकत नाही. खारघरमध्ये याच मॉडेलला अपडेट कधीच मिळालंय. मोबाइलचा हॉटस्पॉट चालेल का? आणि रात्री चार्जिंगला लावूनच इन्स्टॉल केलं तर?

बारा_व्होल्ट
खारघरचं मनावर घेऊ नका. अपडेट चॅसिस नंबरनुसार टप्प्याटप्प्याने सोडतात, पहिल्या गाड्यांत गडबड निघाली तर पुढचं रोखता यावं म्हणून. डाउनलोड सुरू झालंय म्हणजे तुमचा नंबर लागलाय, फक्त गाडीतल्या ई-सिमला (तिच्या स्वतःच्या मोबाइल कनेक्शनला) खाली रेंज नाही. गाडी वर काढा. तुटलेलं डाउनलोड बहुतेक वेळा तिथूनच पुढे चालू होतं. हॉटस्पॉटचं म्हणाल तर, अपडेटच्या सेटिंगमध्ये वायफायचा पर्याय असेल तरच उपयोग. काही गाड्यांत वायफाय नुसतं गाणी-नकाशांपुरतं असतं.

चार्जिंगला लावून मात्र नको. बॅटरी किंवा मोटरचा कंट्रोलर (छोटा कॉम्प्युटर) फ्लॅश होताना, म्हणजे त्यात नवीन सॉफ्टवेअर लिहिलं जाताना, मोठी बॅटरी सहसा तोडलेली असते, मोठीतून छोटीला वीज देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बंद, सगळा भार छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. केबल लावलेली दिसली की बऱ्याच गाड्या इन्स्टॉल सुरूच करत नाहीत. ती बॅटरी लेड-ॲसिड असेल तर गाडी बंद करून दोनेक तासांनी मल्टीमीटर लावा: 12.6 उत्तम, 12.4 च्या खाली असेल तर आधी तिचं बघा. कायम सप्लायवर जोडलेला डॅशकॅम आणि ओबीडीतला (गाडी तपासायच्या सॉकेटमधला) डोंगल, दोन्ही काढा. डोंगल फ्लॅशिंग चालू असताना मध्येच कंट्रोलरना प्रश्न विचारत बसतो.

सर्व्हिस_बे
वरच्याला जोडून. इन्फोटेनमेंटमध्ये बहुधा दोन कप्पे असतात: नवीन सॉफ्टवेअर रिकाम्यात उतरतं, नाही चाललं तर गाडी जुन्यावर परतते. छोट्या कंट्रोलरमध्ये अनेकदा एकाच प्रतीपुरती जागा. मध्येच व्होल्टेज पडलं की उरतो नुसता बूटलोडर (सॉफ्टवेअर चढवणारा छोटा प्रोग्राम), आणि गाडी 'रेडी'ला, म्हणजे चालवण्याच्या स्थितीत, येत नाही. मग ओबीडीला लॅपटॉप, 12 व्होल्टला स्थिर सप्लाय, पुन्हा फ्लॅश.

हे बेसमेंटमध्ये झालं तर खरी पंचाईत. पार्किंग लॉक इलेक्ट्रिक, ते सुटत नाही. टोइंगचा फ्लॅटबेड रॅम्पवरून खाली येत नाही. इन्स्टॉल जमिनीवरच करा.

घोडबंदरकर
व्हिजिटर पार्किंग रात्री मिळेल. आत बसून राहिलं तर चालेल?

सर्व्हिस_बे
नको. दार उघडलं की झोपलेली युनिट जागी होतात. शिवाय इन्स्टॉल चालू असताना काचा, लॉक, एसी चालतीलच असं नाही. काचा आधीच वर करा, चावी घरी न्या. झाल्यावर व्हर्जन तपासा आणि चार्जिंगची मर्यादा, वेळापत्रक पुन्हा बघून घ्या. कधीकधी ते मूळ सेटिंगवर जातं.