मदत हवी आहे: शेराचं माप किलोत कसं करायचं? (भाजणी बिघडली)

नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडच्या एका खेड्यातून लिहितेय. आमच्या बचत गटाला दिवाळीच्या चकल्यांची पहिलीच मोठी ऑर्डर मिळाली आहे. भाजणी सासूबाईंची, माप त्यांच्या पितळी शेराचं: ४ शेर तांदूळ, २ शेर हरभऱ्याची डाळ, १ शेर उडदाची, अर्धा शेर मुगाची, अर्धा शेर जाडे पोहे, पाव शेर धणे, जिरं मूठभर.

किराणा किलोनं आणायचा, म्हणून मी सरळ एक शेर म्हणजे एक किलो धरलं. नमुन्याचा घाणा काढला तर चकल्या तेल पिऊन बसल्या आणि तोंडात नुसते धणे! सासूबाईंनी तुकडा मोडला अन् म्हणाल्या, "हे त धण्याचीच चकली झाली व माय."

मोबाईलवर तक्ते पाहिले, पण त्यात सगळं कपात. कप म्हणजे कोणता? आमच्या घरात चार वाट्या आहेत, चारही वेगळ्या. काटा आहे, ५ किलोपर्यंतचा. ऑर्डरसाठी मला किलोतच प्रमाण हवंय. कसं काढू?

प्रतिसाद १
ताई, तांदूळ-डाळीत तुमचं फार चुकलं नाही, त्यांचं वजन मापाला जवळपास सारखंच भरतं. घोळ हलक्या जिनसांचा आहे. त्याच मापात पोहे तांदळाच्या निम्मे भरतात, धणे तर त्याहूनही कमी. तुम्ही दोन्ही दुपटीहून जास्त घातलेत.

तक्त्यातला कप २४० किंवा २५० मिलीचा असतो. त्यात साखर २०० ग्रॅम, पण मैदा १२५च्या आसपास. तोही दाबून भरला की वाढतो. म्हणून तक्ता सोडा. तुमच्या शेरानं एकेक जिन्नस भरा आणि काट्यावर ठेवा. रिकाम्या शेराचं वजन आधी वजा करायला विसरू नका.

प्रतिसाद २
काकू, एक विचारतो. सासूबाई शेर सपाट भरतात की शीग लावून? आमची आजी शीग असल्याशिवाय माप मानतच नव्हती.

आणि वजनाचा शेर वेगळा बरं का. तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. १९५८ पासून किलो आला आणि तो मागे पडला. मापाचा शेर आणि पायली तर गावागणिक बदलतात, त्यामुळे शेजारच्या गावचा आकडा घेऊ नका.

धागाकर्ती
भाऊ, शीगच! विचारलं तर माझ्याकडं असं पाहिलं की बस. "सपाट माप कोनी देते का?" पण पोहे, धणे मात्र सपाट घेतात म्हणे. हे मला आठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

काल लाइट होती तेवढ्यात सगळं मोजलं (काट्याचे सेल संपलेले, चार्जरवर चालवला). शेरात पाणी ११८० ग्रॅम बसलं. तांदूळ सपाट ९७०, शीग लावून १०६०. हरभऱ्याची डाळही तेवढीच, दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे. अर्धा शेर पोहे २२५ ग्रॅम. मी घातले होते ५००. पाव शेर धणे १०० ग्रॅम. मी घातले होते २५०!

जिऱ्याची मूठ कोणाची धरायची? माझी २० ग्रॅम, सासूबाईंची ३०.

प्रतिसाद १
सासूबाईंची. दहा वेळा मूठ भरून एकत्र तोला आणि दहानं भागा, एकेका मुठीला काटा नीट पकडत नाही.

आणि तांदूळ धुवायच्या आधी मोजता की वाळवून झाल्यावर? सावलीत वाळवले तरी थोडा ओलावा राहतो, वजनात फरक येतो.

धागाकर्ती
आधी, कोरडेच. उद्या याच आकड्यांनी एक किलोची भाजणी दळून आणते. या वेळी चक्कीवर सासूबाईही येणार आहेत, शेर घेऊन.