आईच्या गालावरच्या वांगावर व्हिटॅमिन सीचं सीरम चालेल का?

करवीरची लेक: आई पन्नाशीची आहे. कागलजवळ रान आहे, लागण-भांगलण सगळं तिच्याच अंगावर. दोन्ही गालांवर वांग आलंय, कपाळ खरबरीत झालंय. हल्ली लग्नात फोटोला उभी राहत नाही, मला बघवत नाही. राजारामपुरीतनं व्हिटॅमिन सीचं सीरम आणलंय. सकाळी लावायचं की रात्री? शेजारच्या काकू म्हणतात लिंबू चोळ, त्यातही तेच असतं.

शाहूपुरीतली फार्मासिस्ट: ताई, लिंबू अजिबात नको. रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, फोड येतात आणि डाग आणखी काळे पडतात.

सीरम सकाळी लावा, त्यावर सनस्क्रीन. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीच, १० ते २० टक्के असावं, बाटली गडद काचेची. तपकिरी झालं तर टाकून द्या.

पण रानात राबणाऱ्या बाईसाठी मी आधी निआसिनामाइड सुचवेन, म्हणजे व्हिटॅमिन बी-३, ४-५ टक्क्यांचं. तयार झालेला रंग ते वरच्या पेशींपर्यंत कमी पोचू देतं, सहसा झोंबत नाही आणि स्वस्तही आहे. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, हे आईंना आधीच सांगा.

उन्हानं खराब झालेल्या कातडीसाठी सर्वांत जास्त पुरावा आहे तो व्हिटॅमिन ए गटातल्या ट्रेटिनॉइनचा. ते रात्री, वाटाण्याएवढं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. सुरुवातीला साल निघते.

काउंटरवर बायका 'गोरं करणारी ट्यूब' मागतात तेव्हा जीव तुटतो. त्यांतल्या कितीतरी ट्यूबांत स्टिरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, लव वाढते.

हातकणंगलेची सून: मीही रानातलीच. घामानं सनस्क्रीन जातं, म्हणून दुपारच्या जेवणाआधी तोंड धुऊन परत लावते. वांगाला रंगाचं, आयर्न ऑक्साइडवालं घ्या, नुसत्या उजेडानंही वांग वाढतं. वर पदर आणि रुंद काठाची टोपी. त्याशिवाय सीरमचे पैसे पाण्यात.

करवीरची लेक: आईच्या कपाटात ट्यूब सापडली. त्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन असं लिहिलंय. वर्षभर लावतेय म्हणाली.

शाहूपुरीतली फार्मासिस्ट: मोमेटासोन हेच स्टिरॉइड. वर्षभर लावल्यावर एकदम बंद केलं तर चेहरा भडकू शकतो. सीरम सध्या बाजूला ठेवा. ट्यूब घेऊन याच आठवड्यात कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जा, कशी कमी करायची ते तेच सांगतील. कपाळाचा खरबरीतपणाही दाखवा.