अमेरिकन बेसबॉलमध्ये मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या खेळाडू घडवणाऱ्या स्पर्धांच्या, मधल्या पायऱ्या काढल्या, ते योग्य झालं का?

डावखुरा: 2021 च्या फेररचनेत मेजर लीग क्लबांशी संलग्न संघ 160 वरून 120 झाले. प्रत्येक क्लबाला चार, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याखाली फक्त फ्लोरिडा-ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग (क्लबांच्या सराव मैदानांवरच्या) आणि डॉमिनिकन समर लीग. मधली शॉर्ट-सीझन (छोट्या हंगामाची) आणि ॲपलाचियनसारख्या रूकी (नवख्यांच्या) लीग गेल्या. अठरा वर्षांचं पोरगं रिकाम्या सराव मैदानावरून एकदम पूर्ण हंगामाच्या रगाड्यात. ड्राफ्टही, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, 40 फेऱ्यांवरून 20 वर. 1988 मध्ये डॉजर्स क्लबने 62व्या फेरीत निवडलेला माइक पियाझा हॉल ऑफ फेमर झाला. आज त्याला कोण विचारेल?

बाकावरचा: पियाझा येणार हे ठाऊक होतं! अहो, डॉजर्सचे मॅनेजर लसोर्डा त्याच्या वडिलांचे मित्र. तो वशिल्याचा पिक (निवड) होता, व्यवस्थेने शोधलेला नव्हे. उलट आता संघ कमी म्हणून पगार परवडतो. सिंगल-एला वर्षाला 11,000 डॉलर मिळायचे, 2023 पासून 26,200.

डावखुरा: पगार युनियनने मिळवला. 2022 मध्ये मायनरवाले संघटित झाले, मग करार झाला. त्याचं श्रेय संघ बंद करणाऱ्यांना कशाला?

तिसरा_बेस: गुणी पोरांना इतक्या पायऱ्या लागतच नाहीत. पिचर पॉल स्कीन्स जुलै 2023 च्या ड्राफ्टमध्ये पहिला पिक, मे 2024 मध्ये मेजरच्या पायरेट्स क्लबकडून पदार्पण, त्याच वर्षी मेजरमधल्या नॅशनल लीगचा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा).

डावखुरा: स्कीन्स कॉलेजात घडून आला होता. शाळेतून थेट आलेला जॅक्सन हॉलिडे बघा. 2023 मध्ये एकाच हंगामात चारही पायऱ्या, आणि एप्रिल 2024 मध्ये मेजरच्या ओरिओल्स क्लबकडून 34 ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या पाळ्यांत) 2 हिट, 18 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). परत ट्रिपल-ए नॉरफोकला. घडवण्याचा खर्च क्लबांनी कॉलेजांच्या गळ्यात मारलाय, एवढंच. ज्यांच्या देशात कॉलेज बेसबॉलच नाही त्यांनी काय करायचं? आपला पिचर रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) भालाफेकीतून आला, 2008 मध्ये पायरेट्सनी घेतला, गल्फ कोस्ट लीगमधून सिंगल-एपर्यंत गेला.

बाकावरचा: गल्फ कोस्ट म्हणजे आजची फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीगच की. ती कुठे बंद झाली? आणि हॉलिडे जुलैअखेर परत आला, आल्या आल्या ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर गडी असताना होम रन). त्याला शॉर्ट-सीझनने काय शिकवलं असतं? मेजरचे चेंडू मेजरमध्येच दिसतात.

डावखुरा: हॉलिडेला नसेल लागत. तिसाव्या फेरीतल्या पोराचं बोला. त्याला आता फेरीच नाही.