चर्चा: तरुण शास्त्रीय कलाकारांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून मैफल द्यावी का?

शहापूरकर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मुलामुलींसाठी होणाऱ्या एका शास्त्रीय संगीत स्पर्धेच्या समितीत मी काही वर्षे काम करतो आहे. यंदा समितीपुढे एक प्रस्ताव ठेवायचा आहे, आणि त्याआधी जाणकारांची मते कळावीत म्हणून हा धागा काढला आहे.

पाश्चात्त्य देशांत अनेक प्रादेशिक वाद्यवृंद तरुण वादकांसाठी स्पर्धा घेतात. एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेला कंचेर्टो स्पर्धक प्राथमिक फेरीत बहुधा नुसत्या पियानोच्या साथीने वाजवतो, आणि जो जिंकतो त्याला वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात, नेहमीच्या श्रोत्यांसमोर, तीच रचना वाद्यवृंदाबरोबर वाजवायला मिळते. ब्रिटनमध्ये १९७८ पासून चालू असलेल्या बीबीसीच्या तरुण संगीतकारांच्या स्पर्धेतही अंतिम फेरी वाद्यवृंदासोबत होते. म्हणजे ज्या कामासाठी मूल शिकते, तेच काम थोरांच्या सोबतीने करायला मिळणे हेच तिथले मोठे बक्षीस असते.

आपल्याकडे पहिल्या क्रमांकाला ढाल, प्रशस्तिपत्र आणि पाकीट मिळते, आणि फोटो काढून झाला की सभागृह रिकामे होते. माझा प्रस्ताव असा आहे की विजेत्याला महिन्याभरात सव्वा तासाची पूर्ण मैफल द्यावी, साथीला मुरलेले तबलजी आणि पेटीवादक असावेत, आणि रोख रकमेचा पैसा त्यांच्या मानधनाकडे वळवावा.

खासबागकर

आपला हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही या प्रस्तावाला माझा विरोध आहे, कारण दुखणे बक्षिसात नसून स्पर्धेत आहे. आठ मिनिटांत ख्याल, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार करत गायची बंदिश, मांडा असे आपण मुलांना सांगतो. विलंबित एकतालाचे, म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालाचे, एक आवर्तन (फेरा) पाऊण मिनिटाच्या आसपास जाते, तेव्हा स्थायी-अंतरा हे बंदिशीचे दोन भाग भरून झाल्यावर रागविस्ताराला चार-पाच आवर्तने उरतात, आणि वेळ संपत आल्याची घंटा वाजण्याआधी ताना (जलद स्वरमालिका) दाखवायच्या असतात म्हणून तीही धड मिळत नाहीत. परिणामी मुले तीन राग घोटून बसवतात आणि जिथे स्पर्धा असेल तिथे तेच नेतात.

भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले ते वयाच्या अकराव्या वर्षी, आणि त्यांची पहिली मैफल झाली १९४१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी. मधल्या काळात कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून शिकणे झाले होते. चौदा वर्षांच्या विजेत्याला आपण सव्वा तास बसवणार असाल, तर त्याच्याजवळ सव्वा तासाचे गाणे आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

शहापूरकर

खासबागकर, आपण दिलेला दाखला मला मान्य आहे, पण याच मातीतला दुसरा दाखलाही घ्यावा लागेल. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व अगदी लहान वयात मैफली गाजवत होते, आणि त्याच वर्षीच्या बेळगाव काँग्रेसमध्ये अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल गांधीजींसमोर गायल्या होत्या. लवकर व्यासपीठ मिळाले म्हणून त्यांची वाढ खुंटली असे कोणी म्हणणार नाही.

खासबागकर

खुंटली नाही, कारण त्यानंतर दोघांनाही गुरू लाभले. एवढा नावलौकिक झालेला कुमार गंधर्वांसारखा मुलगा पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे वर्षानुवर्षे शिकत राहिला. आपल्या योजनेत मैफलीनंतरच्या शिकण्याची काय सोय आहे, ते सांगावे.

जांबोटी रस्ता

मी स्वतः गात नाही, मी एका गाणाऱ्या मुलीची आई आहे. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. शिकवणीसाठी आठवड्यातून दोनदा बसने बेळगावला यावे लागते, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सोडल्या तर परक्या माणसांसमोर गाण्याची संधी तिला फक्त स्पर्धेतच मिळते. त्यामुळे स्पर्धाच नको हे म्हणणे आम्हाला परवडणारे नाही. मात्र साथीचा जो मुद्दा वर ओझरता आला आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यामागे एक अनुभव आहे.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत (तिचे नाव मी घेत नाही) वीसहून अधिक स्पर्धकांसाठी एकच तबला होता आणि तो काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात, लावलेला होता. माझी मुलगी काळी चारमध्ये गाते. जाणकारांच्या लक्षात आलेच असेल की काळी चारला ‘सा’ धरला तर तिचा मध्यम (‘म’) म्हणजे काळी एक. तिने बागेश्री किंवा मालकंस निवडला असता तर तो तबला तिला पोषकच ठरला असता. परंतु ती भूप गात होती, आणि भूपात मध्यम वर्ज्य आहे. चाटेवर (तबल्याच्या कडेवर) बोट पडले की तिच्या गांधाराशेजारी (‘ग’शेजारी) तो नको असलेला मध्यम घुमायचा. पहिली दोन आवर्तने ती गांधारावर थांबायचा प्रयत्न करत होती, आणि नंतर तिने गांधारावर थांबणेच सोडून दिले. परीक्षकांच्या कागदावर शेरा आला, ‘स्वरस्थान अस्थिर’. त्या रात्री परतीच्या बसमध्ये ती काही बोलली नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिने भूप म्हटला नाही.

मैफलीचे बक्षीस एकाला मिळेल. प्राथमिक फेरीत प्रत्येक मुलाला त्याच्या स्वरात लागलेला तबला मिळाला, तर ते सगळ्यांना मिळेल. साथीदारांच्या मानधनाचा विचार होणारच असेल तर तो तिथून सुरू व्हावा.

पेटीवाला, अनगोळ

ताईंनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. साथीसाठी दिवसभर बसलेल्या माणसाला दोन स्पर्धकांच्या मध्ये एक मिनिटही दिले जात नाही. हातोडी घेऊन गठ्ठे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकले तरी काळी एकचा तबला काळी चारपर्यंत उतरत नाही, त्याला मोठ्या तोंडाचा दुसरा तबलाच लागतो. किमान तीन तबले, काळी एक, काळी दोन आणि काळी चार, एवढे तरी आयोजकांनी ठेवावेत.

शिवाय एक मागणी आहे. बेळगाव हे पेटीचे गाव आहे. रामभाऊ विजापुरे यांनी इथे पिढ्यान्‌पिढ्या शिष्य घडवले, तरीही आपल्या कित्येक स्पर्धांत एकल पेटीवादनाला स्वतंत्र विभाग नसतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली. आपल्या स्पर्धांच्या नियमांत तिची सावली अजून टिकून आहे.

वेदगंगेकाठचा

मी निपाणीकडचा. मला वेगळा आक्षेप नोंदवायचा आहे. या स्पर्धांच्या दुसऱ्या फेरीत नाट्यगीत सक्तीचे असते. हुक्केरी-गोकाककडची कन्नड घरांतली मुले ख्याल उत्तम गातात आणि या फेरीत मागे पडतात, कारण शब्द त्यांचे नसतात. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेला नीलकंठबुवांकडे शिकले, मुंबईत मंजीखाँसाहेबांकडे शिकले आणि कन्नड वचने (शिवशरणांची भक्तिवचने) गायले. भीमसेन अभंगही गायले आणि दासवाणीही, म्हणजे कन्नड हरिदासांची पदेही. दुसऱ्या फेरीत नाट्यगीत, अभंग, वचन किंवा दासरपद यांपैकी काहीही चालेल असा नियम करावा, आणि परीक्षकांत एक तरी कन्नड जाणणारा असावा.

टिळकवाडीची वाचक

याच्याशी मी सहमत नाही. सीमाभागात मराठीला जागा किती उरली आहे, हे आपण सगळे रोज पाहतो. नाट्यसंगीत ही मराठी गाण्याची खास मिळकत आहे, आणि मराठी रसिकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या स्पर्धेने ती सांभाळली नाही तर इथे ती दुसरे कोणी सांभाळणार नाही. कन्नड मुलांनी नाट्यगीत शिकावे, त्यांना उच्चारांसाठी मदत करू.

वेदगंगेकाठचा

नाट्यसंगीतासाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवा, मी स्वतः वर्गणी देईन. परंतु स्पर्धा शास्त्रीय संगीताची आहे असे जाहीर केले असेल, तर तिचा पहिला क्रमांक मातृभाषेवर ठरता कामा नये.

शहापूरकर

मैफलीचे कलम मी प्रस्तावातून काढत नाही, पण ते दुसऱ्या स्थानी नेतो. पहिले कलम साथीचे: तीन पट्ट्यांचे तबले, प्रत्येक स्पर्धकाला सूर लावून घेण्यासाठी पाच मिनिटे, आणि वेळेची मर्यादा आठवरून पंधरा मिनिटे. यामुळे स्पर्धा दोन दिवस चालेल, हे समितीला पटवावे लागेल. मैफल सोळा वर्षांवरील विजेत्यालाच द्यावी, तीही त्याच्या गुरूंची संमती घेऊन. खासबागकरांच्या प्रश्नाचे माझ्याजवळ आज एवढेच उत्तर आहे. एकल पेटीचा विभागही मांडतो. नाट्यगीताचा प्रश्न मात्र समितीत मतांना टाकावा लागेल, आणि तिथे मी वेदगंगेकाठच्यांच्या बाजूने मत देईन.

खासबागकर

पंधरा मिनिटांमुळे माझा अर्धा आक्षेप मिटला. काळी चारचा एक चांगला तबला माझ्याकडे आहे, नुकतीच त्याला मिरजेहून नवी पुडी (वरचे कातडे) घालून आणली आहे. स्पर्धेच्या दोन्ही दिवशी तो मी आणून देईन. सोळा वर्षांखालच्या मुलांना मात्र क्रमांकच देऊ नयेत, परीक्षकांनी समोर बसवून काय चुकले ते सांगावे, हे माझे म्हणणे कायम आहे, आणि समितीपुढे ते माझ्या नावानिशी वाचून दाखवावे.