साळवे काकू सेलमला

(रविवारी रात्री ज्यांचे फोन बंद होते त्यांनी सोमवारी लिफ्टमध्ये मला पाच वेळा विचारलं, "काय झालं म्हणे ग्रुपवर?" म्हणून उतरवून देतोय. टँकरचे, पार्किंगचे आणि 'शुभ रात्री'च्या गुलाबांचे मेसेज गाळलेत. – सी ३०२)

साळवे काकू, ए ४०३: सलाम मंडळी. आज सेलमला आलोय. फोटो पाठवतेय. डावीकडे हे आहेत, डोळे मिटलेले. प्रार्थना नाही, ऊन होतं.

देशपांडे, बी १०१: सेलमला? तुम्ही तर मुलीकडे अमेरिकेत गेला होतात ना? सेलम तामिळनाडूत. स्टीलचा कारखाना आहे तिथे. मी दोनदा ऑडिटला गेलोय.

प्राची, सी ७०१: काका, हे मॅसॅच्युसेट्समधलं. बॉस्टनहून लोकलने अर्धा तास. चेटकिणींचं गाव!

देशपांडे: कसलं?

प्राची: १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. आता त्याच्याच जिवावर गावाचं पर्यटन चालतं. ऑक्टोबरात पाय ठेवायला जागा नसते.

साळवे काकू: खरंय गं. गाडीत सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या टोकदार टोप्या. मी नारायणपेठ आणि वरून जावयाचं जाकीट. एका मुलीने विचारलं, तुम्ही कोण बनलाय? म्हटलं, कोणी नाही, रविवार आहे म्हणून साडी नेसलेय.

जोशी, ए ४०४: फोटो चर्चचा दिसतो. धार्मिक पोस्ट टाकायची नाही असा या ग्रुपचा नियम आहे. सत्यनारायणाचं आमंत्रण टाकलं तेव्हा मला ऐकवलं होतं.

सेक्रेटरी: काका, तुमचं आमंत्रण सात वेळा आलं होतं. प्रवासवर्णन चालेल. फक्त फार रात्र करू नका.

साळवे काकू: इथे दुपारचा एक वाजलाय हो, मी थोडक्यात लिहिते.

(थोडक्यात लिहिलं नाही. ते एक बरं झालं.)

साळवे काकू: हे टॅबरनॅकल चर्च. इमारत १९२० च्या दशकातली, म्हणजे आम्हाला हवी होती ती नव्हे, पण मंडळी तीच. ६ फेब्रुवारी १८१२ ला, कडाक्याच्या थंडीत, या मंडळीत पाच तरुणांना पाळकपदाची, म्हणजे पाद्री होण्याची, दीक्षा दिली. अँडोव्हरच्या सेमिनरीतली मुलं ते बघायला चालत आली होती. त्या पाचांतले दोघं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. आमचं अमेरिकन मराठी मिशन ते. नगरला मिशन पोचलं १८३१ ला. माझं माहेर नगरचं. माझी शाळा मिशनची, आईची शाळा मिशनची, आजी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. ह्यांनी ३४ वर्षं पाळकी केली, शेवगाव, नेवासा, राहुरी, अर्धं आयुष्य एस्टीच्या थांब्यावर. ज्या दारातून हे सगळं निघालं ते दार एकदा बघायचं, एवढंच होतं डोक्यात.

देशपांडे: बोटीने किती दिवस लागले त्यांना?

साळवे काकू: फिलाडेल्फियाहून फेब्रुवारीत निघाले ते ऑगस्टमध्ये कलकत्त्याला. तिथे कंपनी सरकार म्हणालं, चालते व्हा. त्यात इंग्लंड-अमेरिका लढाई जुंपलेली, म्हणजे हे शत्रूच. मुंबईतूनही हाकलायला निघाले होते. हे दोघं गुपचूप कोचीनपर्यंत पळाले, तिथून परत धरून आणले. आमचं विमान दुबईला तीन तास थांबलं तर ह्यांनी किती कुरकुर केली.

जोशी: म्हणजे आपला धर्म बुडवायला जे निघाले ते इथून निघाले. बरं झालं कळलं.

(पुढची तीन मिनिटं कोणी काही पाठवलं नाही. 'टायपिंग' दिसायचं आणि विझायचं. मग साळवे काका आले. ते ग्रुपवर वर्षातून दोनदा लिहितात, तेही मेंटेनन्सच्या पावतीबद्दल.)

साळवे काका, ए ४०३: जोशी, तुम्ही म्हणता ते सगळंच खोटं नाही. मिशनच्या जुन्या पत्रकांत हिंदू देवांबद्दल जे लिहिलंय ते मी वाचलंय. वाचताना मान खाली जाते. १८५७ च्या सुरुवातीला विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांना जाहीर वादाला बसवलं, ते योग्यच केलं. पण हॉलचं म्हणाल तर माणूस मुंबईत तेरा वर्षं राबला आणि बाप्तिस्मे जवळजवळ शून्य. शाळा निघाल्या, छापखाना निघाला, मराठी नवा करार तयार झाला. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकला पटकीची साथ होती. तिथे औषधं वाटली आणि परतीच्या वाटेवर स्वतःच पटकीने गेला. वय ४१.

जोशी: विष्णुबुवा तुम्हाला कसे माहीत?

साळवे काका: त्यांच्या प्रश्नांना उत्तरं काय द्यायची हे आम्हाला शिकावं लागायचं. सगळी उत्तरं जमली नाहीत, ते सोडा.

प्राची: जोशीकाका, आणि त्या मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढून मराठी पंचांग छापलं. तुमच्या दाराला लटकतंय त्याचे पूर्वज!

जोशी: माझं दाते पंचांग आहे. सोलापूरचं.

फर्नांडिस, डी २०२: मी जरा बोलू का? ठाणं १८१२ ची वाट बघत बसलं नव्हतं. आपल्या ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. तलावपाळीचं आमचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च त्यानंतरचं, पोर्तुगीजांचं. आणि त्या चौघांच्या अस्थी ओडोरिक नावाच्या साधूने पुढे इथून चीनला नेल्या.

देशपांडे: ठाण्याहून चीनला? कस्टमने सोडलं?

फर्नांडिस: काका, १३२०-२५ चं सांगतोय मी.

साळवे काका: फर्नांडिस, आमच्याही मिशनचं ठाणं होतंच. १८१८ ला मुंबईत आलेले जॉन निकल्स बायकोसह ठाण्यात राहिले. १८२४ ला तेही वारले. म्हणजे २०० वर्षांपूर्वी एक अमेरिकन जोडपं ठाण्यात राहायला आलं होतं आणि आज ठाण्यातलं जोडपं इथे पाव खातंय.

साळवे काकू: पाव बरा होता.

साळवे काकू: खरं सांगू का, तिथे बसल्यावर मला हे हॉल नि नॉट आठवलेच नाहीत. त्यांच्याबरोबरच्या बायका डोळ्यांपुढे येत होत्या. नॉटची रोक्साना, लग्न झालं आणि काही दिवसांत बोटीत. त्या पाचांतल्याच न्यूएलची हॅरिएट त्याच महिन्यात या सेलमच्याच बंदरातून निघाली. कलकत्त्याला थारा मिळाला नाही म्हणून मॉरिशसकडे वळले, वाटेत बोटीवरच बाळंत झाली, मूल गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये तीही गेली. १९ वर्षांची. माझी नात आत्ता १९ ची आहे, तिला मोबाईलचं चार्जर सापडत नाही. त्या पोरीच्या मनात हिंदुस्थान म्हणजे काय असेल? मी विसाव्या वर्षी शेवगावजवळच्या एका वस्तीवर गेले तेव्हा निदान भाषा माझी होती. तरी पहिल्या पावसाळ्यात छताखाली पाच भांडी मांडून रडले होते. ह्यांना माहीत नाही.

साळवे काका: आता कळलं.

साळवे काकू: उपासनेनंतर कॉफी होती. एका आजींनी विचारलं, तुमच्यातलं मिशनरी कोण? मी म्हटलं, पगार ह्यांचा, फिरती माझी. मुलीने इंग्रजीत सांगितलं तेव्हा आजी इतक्या हसल्या की कप खाली ठेवावा लागला. त्यांचे यजमानही पाळक होते म्हणाल्या. मग पुढचं काही भाषांतर करायला लागलं नाही. पाळकबाई ती पाळकबाईच. पाहुणे येणार किती हे कधी माहीत नसतं आणि साखर नेहमी संपलेली.

कुलकर्णी मॅडम, बी ६०३: काकू, रडवलंत. तिथे मराठीत काही बोललात की नाही?

साळवे काकू: हो ना. प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणा म्हणाले. ह्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. 'आमची रोजची भाकर' आलं आणि हे थांबले. मला वाटलं विसरले. विसरले नव्हते. नंतर एकाने विचारलं, मध्ये कुठला शब्द आला की तुम्ही थांबलात? आता बाजरीची भाकरी काय असते ते हाताने थापून दाखवलं, काय करणार.

देशपांडे: चेटकिणी सोडून त्या गावाचं आणखी काय?

साळवे काकू: मिरी. एके काळी इथली गलबतं सुमात्राहून काळी मिरी आणायची, त्यावर गाव श्रीमंत झालं. गावाने आपल्या शिक्क्यावरही सुमात्राचा माणूस घेतला.

देशपांडे: येताना आणू नका. इथे डीमार्टला मिळते.

सेक्रेटरी: पावणेबारा वाजलेत. कंदिलाची वर्गणी राहिलेल्यांनी उद्या द्या. बी विंगमधून तीनच आलेत.

(यानंतर ग्रुप झोपला. शेवटचे दोन मेसेज सोमवारी सकाळी सव्वासहाचे. साळव्यांच्या घराची किल्ली कोणाकडे असते हे ए विंगला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगितलं.)

जोशी: साळवे वहिनी, कढीपत्त्याला पाणी घातलं. कुंडीत मुंग्या झाल्यात. हळद टाकू का?

साळवे काकू: टाका. आणि चार काड्या तुम्हाला तोडून न्या, नाहीतर वाढत नाही तो.