जोधपूरचं वाळवंटी उद्यान: आईला झेपेल का?

सड्यावरची:
दिवाळीनंतर आईला घेऊन जोधपूरला जायचंय. वय 71, गुडघे कुरकुरतात. मेहरानगडाला लागून असलेलं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क तिला बघायचंच आहे. आमच्या देवगडात तिने हौसेने कुंडीत निवडुंग लावला, तो श्रावणात बुडापासून कुजला. बोट लावलं तर लोण्यासारखं आत गेलं. तेव्हापासून 'खडकात ही झाडं जगतात कशी' हेच चाललंय. चालणं किती आहे?

कातळकर:
ताई, वाटा खडबडीत, चढउताराच्या. काठी आणि चांगल्या तळाचे बूट हवेतच, चपला नकोत. सकाळी लवकर शिरा. जमेल तेवढंच चाला, दारापाशी स्थानिक झाडांची रोपवाटिका आहे, आई तिथेच रमतील. आणि एक गंमत सांगा त्यांना: 2006 साली काम सुरू झालं तेव्हा तिथे सगळी वेडी बाभूळ माजली होती. वरून तोडली की पुन्हा फुटायची. शेवटी दगडाच्या खाणीत काम करणारे लोक आणले. त्यांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून मुळं काढली आणि त्याच खड्ड्यांत तिथली मूळची झाडं लावली. तिथलं निवडुंगासारखं काटेरी झुडूप, थोर, मात्र पानांनी हिरवंगार बघायचं तर पावसाळ्यातच जा. नंतर पानं गळून नुसती काटेरी खोडं उरतात.

सड्यावरची:
भादव्यात घर सोडू? गणपती कोण बघणार, तुम्ही? काटे तर काटे, दिवाळीनंतरच जातो.

कातळकर:
हे बाकी खरं. रोप मात्र आणू नका हो, तेही कुजवाल.